ऑक्टेव्हिया आरएस २३० रीमॅप करायची आहे, ट्यूनर कसा निवडावा?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३०, मी दुसरा मालक. साठ हजारांच्या वर चालली आहे, कंपनीतून आली तशीच आहे, एअर फिल्टरसुद्धा मूळचाच. वॉरंटी कधीच संपली. आता स्टेज १ रीमॅप (सुटे भाग न बदलता, इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून ताकद वाढवणं) करावं असं मनात आहे.

तीन ठिकाणी बोललो. पहिले एका परदेशी ब्रँडचे डीलर. तयार फाइल, सव्वा लाखाच्या आसपास. दुसरे दक्षिणेतले, कस्टम ट्यूनिंग करणारे. दर काही आठवड्यांनी पुण्यात येतात, डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी बसवून फाइल लिहितात, ऐंशी हजार. तिसरे गृहस्थ लॅपटॉप घेऊन घरी येतात. पार्किंगमध्ये दीड तासात काम, पस्तीस हजार. तिघेही "३०० घोड्यांच्या वर" म्हणतात, पण आकडे ऐकून माझं समाधान होत नाहीये.

वापर म्हणाल तर रोज बाणेर-हिंजवडी आणि महिन्यातून एकदा-दोनदा महाबळेश्वर किंवा कोल्हापूर. ड्रॅग रेस वगैरे काही नाही. पेट्रोल बहुतेक वेळा ९५ ऑक्टेन, मिळालं तर १००. कोणाचं नाव सुचवायचं असेल तर व्यनि करा. इथे मला हे हवंय की माणूस पारखायचा कसा.

पिस्टनराव
हिंजवडीत सकाळी साडेनऊला आहेत ते २३० घोडे उभे राहून चारा खातात, त्यात आणखी सत्तर कशाला? बाकी चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नकाशेवाला
कॅलिब्रेशन हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे (कंपनीच्या बाजूने, ट्यूनिंगच्या नाही), त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीत ईए८८८ तिसऱ्या पिढीचं इंजिन, आयएस२० टर्बो आणि सिमॉस १८ ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आहे. जगभर या जोडीवर एवढं काम झालंय की स्टेज १ ची फाइल लिहिणं ही आता काही मोठी विद्या राहिलेली नाही. म्हणून "आम्ही ३०० काढतो" याला शून्य गुण द्या. ३०० कोणीही काढेल. ते कुठल्या पेट्रोलवर, किती तापमानाला आणि किती वेळ टिकतात, हा खरा प्रश्न.

गाडी वेग पकडताना ईसीयू आधी ठरवतो की टॉर्क किती द्यायचा. त्यावरून बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), इंधन आणि ठिणगीची वेळ ठरते. कंपनी प्रत्येक ठिकाणी थोडी जागा राखून ठेवते, कारण तीच गाडी राजस्थानात मे महिन्यात आणि मनालीत डिसेंबरमध्ये, गावच्या पंपावरच्या कसल्याही पेट्रोलवर चालली पाहिजे. रीमॅप म्हणजे ही राखीव जागा खर्च करणं. चांगला ट्यूनर त्यातली थोडी शिल्लक ठेवतो. डायनोच्या कागदावर आकडा मोठा दिसावा म्हणून काही जण सगळीच उडवतात.

त्यामुळे पहिला प्रश्न त्याने तुम्हाला विचारायला हवा: पेट्रोल कुठलं भरता? युरोपात लिहिलेल्या फाइली बहुधा ९८ ऑक्टेन धरून असतात. आपल्याकडे आता सर्रास ई२० आहे. इथेनॉल नॉकला (मिश्रण अवेळी आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्याला) सहज दाद देत नाही, पण त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन गुणोत्तर १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५. मंद चालवताना ईसीयू स्वतःच जुळवून घेतो. पूर्ण थ्रॉटलवर वरच्या आरपीएमला मात्र हाय प्रेशर पंपाचा दम लागतो. रेल प्रेशर (इंजेक्टरपाशी इंधनाचा दाब) मागितलं २०० बार आणि मिळतंय १७०, असं झालं की मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं) आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. ज्याला हा विषय काढल्यावर "काही प्रॉब्लेम नाही सर" एवढंच म्हणता येतं, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

दुसरं म्हणजे उंची. २.४ बार निरपेक्ष दाब मुंबईत हवा असेल तर टर्बोला हवा साधारण २.४ पट दाबावी लागते. महाबळेश्वरला हवेचाच दाब ०.८६ बारच्या आसपास, तिथे तोच आकडा गाठायला जवळजवळ २.८ पट. आयएस२० छोटा टर्बो आहे. घाट चढताना तो मर्यादेबाहेर फिरू नये यासाठी उंचीप्रमाणे बूस्ट उतरवणारी तरतूद मूळ फाइलमध्ये असते. ती ट्यूनरने तशीच ठेवली का, हे विचारा. तुम्ही तर घाटातच चालवणार आहात.

रंकाळा_टर्बो
एवढं काय घाबरवताय भावाला! माझी पोलो जीटीआय, १.८. आमच्याकडे एक जण घरी येऊन करून गेला, चाळीस हजार. काटा किर्र! कागलपर्यंत जाऊन आलो, तिसऱ्या गिअरला चाकं जागेवर फिरतात. वर्ष होत आलं, काही झालेलं नाही. पस्तीसवाला घ्या आणि उरलेल्या पैशात टायर.

नकाशेवाला
रंकाळा, टायरचं एकदम बरोबर. पण तुमच्या गाडीला गिअरबॉक्स डीक्यू२०० आहे ना? कोरड्या क्लचचा, २५० एनएम टॉर्क झेपणारा. युरोपात हीच जीटीआय मॅन्युअलमध्ये ३२० एनएम द्यायची आणि डीएसजी ऑटोमॅटिकमध्ये २५०. इंजिन तेच, फक्त गिअरबॉक्सला झेपत नव्हतं म्हणून कंपनीने स्वतःच टॉर्क कापला. तुमच्या फाइलमध्ये किती एनएम ठेवलाय, सांगितलंय का त्याने?

रंकाळा_टर्बो
विचारलं नाही. "मस्त केलीय" म्हणाला.

मृण्मयी_के
माझी एम३४०आय. रीमॅपचा किडा मलाही चावला होता, तेव्हा कळलं की जून २०२० नंतर बनलेल्या बीएमडब्ल्यूचे ईसीयू कुलूपबंद असतात. आपल्याकडे एम३४०आय आलीच २०२१ च्या मार्चमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्याच त्यात आल्या. कुलूप उघडायला ईसीयू काढून फिनलंडला पाठवावा लागतो म्हणाले. तीन-चार आठवडे गाडी पार्किंगमध्ये ईसीयूविना उभी ठेवायची आणि कस्टम्सने अडवला तर देवाचं नाव घ्यायचं! म्हणून बरेच जण पिगीबॅक लावतात. ती डबी बूस्ट सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसते आणि ईसीयूला "दाब कमी आहे" असं खोटं सांगते, मग तो बिचारा आणखी दाब देतो. काढली की गाडी मूळ रूपात.

घाटमाथा, तुमच्या गाडीला ही भानगड नाही, ओबीडी पोर्टमधूनच (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधून) काम होतं. उलट त्यामुळेच कोणीही लॅपटॉपवाला ते करू शकतो, हेही खरं. मी कोणालाही भेटले की एकच विचारायचे: गाडीत काही बिघाड निघाला तर तुम्ही फाइल लावायला नकार देता का? शेवटचा कोणाला आणि का दिला? एकाने लगेच सांगितलं, मागच्याच आठवड्यात एक गाडी परत पाठवली, तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर होता. बाकीच्यांना आठवेचना.

पिस्टनराव
नकार देणारा माणूस पुण्यात सापडणं अवघड नसावं.

वऱ्हाडी_माणूस
नागपूरकडून दोन पैसे. आमच्याकडे मे मध्ये ४५-४६ होते, भाऊ. इंटरकूलरला वाराच गरम मिळतो. सिग्नलला दहा मिनिटं उभं राहून पाय दिला की इनटेक तापमान ६५-७० दाखवतं. मूळ फाइल अशा वेळी गपचूप पॉवर कमी करते. माझ्या मित्राच्या गाडीत (कुठली ते सोडा) एका लॅपटॉपवाल्याने ती कपातच उडवून दिली. वरून एररही बंद केले! कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला तर पी०४२० यायला पाहिजे, तो येईचना. मिसफायरचा दिवा लागायला पाहिजे, तोही नाही. डॅशबोर्ड स्वच्छ म्हणून हा खूश. शेवटी एका पिस्टनची रिंग लँड तुटली तेव्हा कळलं. बिल ऐकून त्याच्या घरी दोन दिवस कोणी बोललं नाही.

म्हणून फाइल लावल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून साध्या स्कॅनरवर रेडीनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्या का ते दाखवणारी यादी) बघा. एखादा कायमचा अपूर्ण राहत असेल किंवा "उपलब्ध नाही" दाखवत असेल तर काहीतरी झाकलंय.

आरसीबुक
कायद्याचंही कोणीतरी बोलायला हवं, म्हणून मी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या १८२अ(४) खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. रस्त्यावरचा हवालदार लॅपटॉप लावून ईसीयू वाचत नाही, हे मलाही माहीत आहे. पण मोठ्या अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर वाचून घेऊ शकतो. पॉलिसी घेताना बदल कळवलेला नसेल तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. ट्यूनर बिलावर काय लिहितो ते बघा. "सर्व्हिस चार्जेस" लिहून देणारे बरेच आहेत. तो माणूस नंतर तुमच्या बाजूने उभा राहणार नाही, हे त्या बिलातच लिहिलेलं असतं.

स्टुटगार्टकर
इकडे जर्मनीत उलट आहे. रीमॅप चालतो, पण टीयूव्ही या तांत्रिक तपासणी संस्थेकडून तपासून कागदावर चढवावा लागतो आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. नाहीतर गाडीचा रस्त्यावरचा परवानाच रद्द. त्यामुळे इथले मोठे ट्यूनर फाइलसोबत तपासणीची कागदपत्रंही विकतात, केम्प्टनचे आब्ट तर इंजिनाची हमीसुद्धा देतात. किंमत अर्थातच तशी. आपल्याकडे कागदाची ही सोय नाही, म्हणून सगळा भार माणसाच्या सचोटीवर.

आणि एक. घाटमाथा अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असतील तर टीडी१ नावाच्या नोंदीबद्दल ऐकून ठेवा. फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेशी गाडी जोडल्यावर सॉफ्टवेअर बदललेलं दिसलं की ही नोंद पडते. मूळ फाइल परत टाकली तरी फ्लॅश काउंटर वाढलेला राहतो. "डीलरला कळणारच नाही" म्हणणारा ट्यूनर थापा मारतोय.

घाटमाथा
बापरे, धाग्याचं सोनं झालं. वॉरंटी नाहीच, त्यामुळे टीडी१ ची चिंता नाही. विम्याचं मात्र मनात घर करून बसलंय, एजंटला लेखी विचारतो.

नकाशेवाला, डायनोबद्दल सांगा. दुसरे गृहस्थ डायनोवर फार भर देतात.

नकाशेवाला
डायनो तराजूसारखा वापरा, प्रमाणपत्रासारखा नाही. एका डायनोवर २५० आणि दुसऱ्यावर २८० हा फरक त्याच गाडीला येऊ शकतो. चाकावर मोजलं की क्रँकवर गणित करून काढलं, तापमान-दमटपणाची कोणती दुरुस्ती लावली, पंखा किती मोठा, यावर सगळं अवलंबून. अर्थ एवढ्यालाच आहे की त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, तेच पेट्रोल टाकीत असताना आधी आणि नंतर किती. "आधी"चा रन न घेता थेट "नंतर"चा कागद देणारे बघितलेत मी.

आणि आलेखात शिखर बघू नका, डावीकडचा भाग बघा. १८००-२००० आरपीएमला टॉर्क भिंतीसारखा उभा राहत असेल तर गाडी चालवायला झकास वाटते, पण डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात नेमकं तिथेच एलएसपीआय होतं. ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. हा नेहमीचा नॉक नाही, एका झटक्यात पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड जाऊ शकतो. समंजस ट्यूनर टॉर्क २५००-२८०० पर्यंत सावकाश चढवतो. तेलही एपीआय एसपी दर्जाचं पाहा, त्याच्या चाचण्यांत एलएसपीआयचा समावेश आहे.

डायनोपेक्षा मला रस्त्यावरचा लॉग (चालत्या गाडीतून नोंदवलेले आकडे) जास्त पटतो. तिसरा गिअर, २५०० ते ६५००, पूर्ण थ्रॉटल. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन स्कॅनरवर चार सिलिंडरचा टायमिंग रिटार्ड (नॉक टाळायला ईसीयूने ठिणगी किती अंश मागे घेतली), मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, रेल प्रेशरही तसंच, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) आणि इनटेक तापमान. बंद रस्ता बघा, एक्सप्रेसवेवर हे धंदे नकोत. रंकाळा, तुमचाही काढा एकदा. मी बघून सांगतो.

रंकाळा_टर्बो
काढला. मित्राचं यंत्र होतं. ६००० आरपीएमचे आकडे देतो: रिटार्ड १ ला -१.५, २ ला -२.२, ३ ला -६.७, ४ ला -३. रेल मागितलं २००, मिळालं १६८. इनटेक ४४ वरून ५८. बरं आहे का?

नकाशेवाला
नाही. -३ पर्यंत मी डोळेझाक करतो. तिसऱ्या सिलिंडरला -६.७ म्हणजे ईसीयू तिथे जीव वाचवत बसलाय. एकाच सिलिंडरला असेल तर आधी तिथला प्लग आणि कॉइल तपासा. पण रेल प्रेशर ३२ बारने पडतंय, म्हणजे फाइल पंपाच्या पुढे धावतेय. वर्षभर "काही झालेलं नाही" ते नॉक सेन्सरच्या कृपेने. प्लग बघून होईपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका, आणि त्या माणसाला हा लॉग पाठवा. काय उत्तर येतं ते इथे सांगा.

रंकाळा_टर्बो
पाठवला. म्हणाला, "मला फाइल बाहेरून येते, मी त्यांना विचारतो."

नकाशेवाला
झालं! घाटमाथा, तुमच्या पस्तीसवाल्याचंही बहुधा हेच गणित. अशा लोकांकडे स्लेव्ह टूल असतं. गाडीची फाइल कूटबद्ध होऊन ईमेलने कुठेतरी जाते, अर्ध्या तासात बदलून परत येते, हा ती टाकतो. आत काय बदललं ते त्याला उघडूनही बघता येत नाही. तुमच्या ईसीयूत तर बहुतेकदा मूळ फाइल खरी वाचलीच जात नाही, भाग क्रमांकावरून सर्व्हरवरची उचलतात. वाईट माणूस असेलच असं नाही, पण गाडी बिघडली तर त्याच्या हातात काही नाही.

मृण्मयी_के
तयार फाइल वाईट असते असं मात्र कोणी समजू नका. मोठ्या ब्रँडची फाइल हजारो गाड्यांवर घासून निघालेली असते. प्रश्न एवढाच की इथल्या पेट्रोलसाठी त्यांची वेगळी फाइल आहे का आणि लॉग पाठवला तर तिकडचा माणूस उत्तर देतो का.

घाटमाथा
अपडेट देतो. गेल्या आठवड्यात तिघांनाही लॉगबद्दल आणि नकाराबद्दल विचारलं.

पस्तीसवाले: "सर, लॉगची गरज नाही, फील येतो." विषय संपला.

ब्रँडवाले डीलर सभ्य होते. ९५ ची वेगळी फाइल आहे म्हणाले, पण लॉग बघायचा तर तिकीट टाकावं लागतं आणि उत्तर कधी येईल सांगता येत नाही. माझ्या डीक्यू२५० गिअरबॉक्ससाठी टीसीयूचं (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं) वेगळं बिल.

दक्षिणेतल्यांना भेटायला गेलो तर एक हिरवी पोलो चालू होती. बघण्यासारखं हे की फ्लॅश करण्याआधी त्यांनी बॅटरीला सपोर्ट चार्जर लावला, व्होल्टेज १३.५ वर स्थिर झाल्याशिवाय लॅपटॉपला हात लावला नाही. रेडिएटरचा पंखा मध्येच सुरू होऊन व्होल्टेज पडलं तर लिहिणं अर्धवट राहतं म्हणाले, म्हणून इंजिन थंड होईपर्यंतही थांबले. माझ्या गाडीचा आधीचा लॉग घेतला आणि फाइल लावायला चक्क नकार दिला! थर्मोस्टॅट हाउसिंगपाशी कूलंटचा गुलाबी डाग दिसला. प्लास्टिकचं आहे, या इंजिनांना गळतंच, आधी ते बदला. प्लग नवे टाका, गॅप थोडा कमी ठेवून. गिअरबॉक्सचं तेल साठ हजारला बदललं असेल तर बिल दाखवा. माझ्याकडे बिल नाही, आधीच्या मालकालाही आठवत नाही.

आकडाही स्वतःहून खाली आणला. डीक्यू२५० चं कंपनीचं रेटिंग ३५० एनएम, तेव्हा ४०० च्या आत ठेवू, क्लचचा दाब टीसीयूत त्याप्रमाणे वाढवू, आणि ३०० घोडे येतीलच असं लिहून देणार नाही. मूळ फाइल पेनड्राइव्हवर देतो म्हणाले. दोन लॉग आणि त्यानंतरची एक दुरुस्ती किमतीतच.

पिस्टनराव
म्हणजे पैसे द्यायला गेलात आणि कूलंटचं हाउसिंग घेऊन परत आलात.

घाटमाथा
हो, आणि प्लग, आणि तेल, आणि गळतीचं ऐकून बायकोचा चेहरा. 😄 पुढच्या फेरीला ते आले की करतोय. विम्याच्या एजंटने "लेखी नका विचारू" असं तोंडी सांगितलं, त्यामुळे आता कंपनीला थेट मेल टाकलाय. आरसीबुक, उत्तर आलं की तुम्हाला दाखवतो.

वऱ्हाडी_माणूस
तेल बदलताना डीएसजीचा फिल्टर विसरू नका. आणि तेल गिअरबॉक्सच्या ठरलेल्या तापमानालाच भरायचं-मोजायचं असतं, थंड गाडीत पातळी चुकते. मेकॅनिकला स्कॅनर लावून तापमान बघायला सांगा.

रंकाळा_टर्बो
प्लग काढले. तिसऱ्याचं पोर्सेलिन तडकलेलं निघालं. त्या भावाने अजून फोन उचलला नाही, तोवर मूळ फाइल टाकून घेतोय. घाटमाथा, तुमच्या माणसाचा नंबर व्यनि करा राव, कोल्हापूरला येतो का विचारतो.